अकाउंट सिंक

सर्व्हरवरच्या युजर अकाउंटची माहिती (नाव, ईमेल, ग्रुप, खातं चालू की बंद) बाहेरच्या डेटाबेसमध्ये आपोआप नेणारं आणि तिथं ताजी ठेवणारं सॉफ्टवेअर. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत नवा माणूस लागला की त्याचं नाव एकदाच टाकावं आणि हजेरी, कँटीन, ईमेल सगळीकडे पोचावं, गरज एवढीच.

उगम नक्की कुठून धरायचा यावर मतभेद आहेत. काहीजण सन मायक्रोसिस्टिम्सच्या यलो पेजेसपासून (नेटवर्कमधल्या यंत्रांना युजरची एकच यादी पुरवणारी सोय) धरतात, म्हणजे साधारण १९८० च्या दशकाचा मध्य, पुढे ब्रिटिश टेलिकॉमच्या ट्रेडमार्कमुळे त्याचं नाव एनआयएस करावं लागलं तरी कमांड मात्र ‘वायपी’नेच सुरू होत राहिल्या. पण तिथं एकाच मास्टरच्या प्रती बाकी सर्व्हरवर जायच्या, दोन वेगळ्या घडणीचे डेटाबेस जुळवायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे १९८८ चं एक्स.५०० (डिरेक्टरीचं, म्हणजे माणसांच्या आणि साधनांच्या यादीचं मानक) आणि ते हलकं करून मिशिगन विद्यापीठात घडलेलं एलडॅप (अशा डिरेक्टरीला विचारायचा प्रोटोकॉल; आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, क्रमांक १४८७, १९९३) हीच खरी मुळं, हे मत जास्त पटतं. नंतर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टची अॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, २०१५ मध्ये स्किम २.० चे (खात्यांची माहिती वेबवरून देवाणघेवाण करायच्या मानकाचे) आरएफसी.

माहिती दोन रीतींनी हलते. एकतर बदल झाला की सर्व्हर स्वतः पाठवतो, नाहीतर सिंकवाला ठरावीक वेळाने येऊन विचारतो. गंगेवरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत (यजमान घराण्यांच्या वंशावळीच्या वहीत) यजमान आला तरच नवी पिढी चढते, म्हणजे ती पहिल्या जातीची, आणि यजमान आलाच नाही तर वही जुनीच. विचारणाऱ्या पद्धतीत शेवटी कुठवर वाचलं ते लक्षात ठेवावं लागतं. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्यासाठी यूएसएन हा दर बदलाला वाढणारा आकडा असतो, पण तो प्रत्येक डोमेन कंट्रोलरचा (डिरेक्टरीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा) वेगळा, त्यामुळे सिंक आज एकाला आणि उद्या दुसऱ्याला विचारायला गेला की हिशोब फिसकटतो. डिलीट झालेलं खातं तर साध्या सर्चमध्ये दिसतच नाही, वेगळं मागावं लागतं, त्याची खूण नव्या फॉरेस्टमध्ये (अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या अख्ख्या मांडणीत) डीफॉल्ट १८० दिवस राहते, सिंक त्याहून जास्त बंद पडलं तर ते खातं पलीकडे भुतासारखं जिवंतच.

ओळख कशावरून पटवायची हा त्याहून जुना घोळ. ईमेलवरून पटवली आणि लग्नानंतर बाईंनी आडनाव बदललं की सिंकच्या लेखी एक बाई गेल्या, दुसऱ्या आल्या, जुने हक्क गायब. म्हणून न बदलणारा आयडी (जीयूआयडी) धरतात.

पासवर्ड मूळ रूपात नेता येत नाही, साठवलेला असतो तो हॅश, म्हणजे त्यापासून काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा. पलीकडे तोच प्रकार चालत असेल तर हॅशच नेतात, नाहीतर माणूस पासवर्ड बदलतानाच तो पकडतात, किंवा लॉगिनच्या वेळी मूळ सर्व्हरलाच विचारतात, हे सगळ्यात कमी डोकेदुखीचं.

देवनागरी नावांत ‘कुऱ्हाडे’मधला ऱ एका कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या एका क्रमांकाचा) असू शकतो किंवा र आणि नुक्ता असा दोन कोडपॉइंटचा, डोळ्याला सारखाच दिसतो पण तुलनेत वेगळा पडतो, त्यामुळे आधी दोन्हीकडची नावं एनएफसी (युनिकोडचं एकसारखं ठरलेलं रूप) करून घेतात.