जैववैद्यकीय डेटा व सॉफ्टवेअर यांचे एकात्मीकरण

रुग्णालयातील नोंदी, जनुकीय वाचन, स्कॅनच्या प्रतिमा आणि रक्ततपासण्या निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या साच्यांत साठतात. त्यांचा एकत्र अभ्यास करता यावा म्हणून साठवण, संगणक, सॉफ्टवेअर आणि परवानगीचे नियम परस्परांशी जुळवून घेणे म्हणजे एकात्मीकरण. यंत्रे विकत घेता येतात. अवघड असते ते अर्थ जुळवणे.

एका प्रयोगशाळेच्या तक्त्यात रक्तशर्करा ९० असते, दुसरीच्या तक्त्यात ५. दोन्ही आकडे एकाच पातळीचे आहेत: पहिला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरा मिलिमोल प्रति लिटर. एककाचा रकाना गळला तर संगणक निमूटपणे दोघांची सरासरी काढून देतो. जनुकीय फाइलींत हेच आणखी बारकाईने घडते. मानवी संदर्भ जीनोमच्या (तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण जनुकीय क्रमाच्या) ३७व्या (२००९) आणि ३८व्या (२०१३) आवृत्तीत एकाच जागेचा क्रमांक बहुधा वेगळा असतो. शिवाय जीनोमवरील जागा नोंदवणाऱ्या ‘बेड’ फाइलीत मोजणी शून्यापासून सुरू होते, जनुकीय बदल नोंदवणाऱ्या ‘व्हीसीएफ’मध्ये एकपासून. स्प्रेडशीट तर ‘सेप्ट १’ या जनुकाची १ सप्टेंबर ही तारीख करून टाकत असे. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने त्याचे नाव ‘सेप्टिन १’ केले.

२०१६ मध्ये मांडलेली ‘फेअर’ तत्त्वे या क्षेत्राची सामाईक भाषा झाली आहेत: डेटा सापडावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. सॉफ्टवेअरसाठी कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेले गाठोडे) आणि विश्लेषणाच्या पायऱ्या ठरल्या क्रमाने चालवणाऱ्या नेक्स्टफ्लो, स्नेकमेक यांसारख्या कार्यप्रवाह प्रणाली वापरतात. आवृत्त्या नोंदलेल्या असल्याने तेच विश्लेषण दुसऱ्या संगणकावरही करून पाहता येते.

केवळ तंत्रज्ञानाच्या उत्साहावर हे काम तगत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेल्या, कर्करोग संशोधनाचा डेटा व साधने जोडण्याच्या ‘कॅबिग’ प्रकल्पावर २०११ च्या आढाव्यात नेमकी हीच टीका झाली, की संशोधकांची गरज मागे पडली आणि साधनेच पुढे आली. पुढच्याच वर्षी तो गुंडाळला गेला.

यूके बायोबँक या ब्रिटनमधील संशोधनासाठीच्या आरोग्यमाहिती व नमुन्यांच्या साठ्यात २००६ ते २०१० दरम्यान सुमारे ५ लाख लोक सहभागी झाले. इतका डेटा प्रत्येकाने उतरवून घेणे परवडत नाही, म्हणून तिथे २०२१ पासून क्लाउडवरच विश्लेषण करता येते. डेटा हलत नाही, सॉफ्टवेअर त्याच्याकडे जाते. खर्चाइतकाच संमतीसाठीही हा मार्ग महत्त्वाचा आहे: एखाद्या सहभागीने संमती मागे घेतली, तर त्याच्या नोंदी वगळायला जगभर विखुरलेल्या प्रती शोधत बसावे लागत नाही.