‘माणूस’ या शब्दाचा माग

पूर्व आफ्रिकेतल्या किस्वाहिलीत माणसाला ‘म्टू’ म्हणतात, माणसांना ‘वाटू’. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूत ‘उमुंटू’ आणि ‘अबांटू’, झिंबाब्वेतल्या शोनात ‘मुन्हू’ आणि ‘वान्हू’, तर काँगो नदीकाठच्या लिंगालात ‘मोटो’ आणि ‘बाटो’. आपल्याकडे अनेकवचनाची खूण शब्दाच्या शेपटीला लागते, इथे ती तोंडाशी बसते. एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने यातलाच ‘लोक’ या अर्थाचा शब्द उचलून या साऱ्या कुळाला नाव दिलं: बांटू. आज या कुळात सुमारे 500 भाषा मोजतात.

यांचं मूळ घर कुठलं, यावर विसाव्या शतकात वाद रंगला. ब्रिटिश भाषातज्ज्ञ माल्कम गथ्री यांचं बोट काँगोच्या आग्नेय भागाकडे होतं. अमेरिकी भाषातज्ज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांचा तर्क वेगळा, आणि मला तो फार आवडतो. भाऊबंदांची घरं जिथे दाटीने असतात, तिथेच मूळ वाडा शोधावा. बांटू नसलेल्या, पण बांटूंच्या अगदी जवळच्या भाषा नायजेरिया-कॅमेरून सीमेवर एकवटलेल्या आहेत, तेव्हा बांटू बोलणारे लोक निघाले ते तिथूनच. पुढे उत्खनन आणि डीएनए या दोघांनीही ग्रीनबर्गच्या बाजूने कौल दिला. ही पांगापांग साधारण 5000 ते 4000 वर्षांपूर्वी सुरू झाली.

पण दक्षिणेची वाट विषुववृत्तीय जंगलातून जात होती, आणि तिथे त्सेत्से माशी दबा धरून होती. तिच्या चाव्यातून होणाऱ्या रोगाने गुरं मरतात. त्यामुळे सुरुवातीचे बांटू गुराखी नव्हते. कोनफळासारखे कंद, तेलताड आणि शेळ्या हाच त्यांचा संसार असावा. मग एक गंमत सापडली: दक्षिण कॅमेरूनच्या जंगलपट्ट्यात इसवी सनापूर्वी 400 ते 200 या काळातली जळालेली बाजरी! फुलोऱ्यात पाऊस लागला की बाजरी कशी वाया जाते, हे नगर-नाशिककडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ती तिथे पिकली, म्हणजे त्या काळात जंगल विरळ झालं होतं आणि कोरडा ऋतू लांबला होता. (आपली भाकरीची बाजरीही मूळची आफ्रिकेचीच. मालीत सुमारे 4500 वर्षांपूर्वीची लागवडीची बाजरी सापडली आहे.) गुरं आणि ज्वारी त्यांना पुढे मिळाली, पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांच्या शेजारात.

वाटेत आधीपासून राहणाऱ्या शिकारी लोकांचं काय झालं? याचं उत्तर जागोजागी वेगळं आहे. मलावीत हजारो वर्षं राहिलेल्या शिकाऱ्यांचा वंश आजच्या मलावीच्या लोकांत जवळजवळ उरलेला नाही, हे 2017 साली डीएनएवरून दिसलं. कॅमेरूनमधल्या शुम लाका या गुहेने तर चकवलंच. गुहा ऐन माहेरघरात, पण तिथे पुरलेली 8000 आणि 3000 वर्षांपूर्वीची मुलं बांटूंची पूर्वज निघाली नाहीत. त्यांचं नातं जंगलातल्या शिकारी जमातींशी जास्त जवळचं होतं.

दक्षिण टोकाला मात्र चांगलीच सरमिसळ झाली. तिथे सुमारे 2000 वर्षांपूर्वीच मेंढ्या पोचल्या होत्या, त्या राखणारे खोईखोई लोक बांटू नव्हते. त्यांच्या भाषेत जिभेचे टचकारे ही साधी व्यंजनं. आपण हळहळताना चुकचुकतो, तो आवाज शब्दाच्या मधोमध बसवून पाहा. बांटू कुळातल्या खोसा आणि झुलू भाषांनी हे टचकारे उचलले. खोसा लोकांत आईकडून चालत येणारा डीएनए तपासला, तर त्यातही खोईखोई आणि सान या शिकारी लोकांचा वाटा मोठा दिसतो. म्हणजे सुना त्या घरांतून आल्या. या सुनांना एक रीत पाळावी लागे, ‘ह्लोनिफा’. सासऱ्याच्या नावातलं अक्षरसुद्धा तोंडी आणायचं नाही, मग ते दुसऱ्या शब्दात आलं तरी. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणाऱ्या आपल्या आज्यांना ही अडचण लगेच कळली असती. काही भाषातज्ज्ञांच्या मते, वर्ज्य अक्षराच्या जागी माहेरचा टचकारा घालण्याच्या या सवयीनेच तो आवाज खोसात रुजला. मेंढीसाठी खोसात ‘इगुशा’ म्हणतात. तोही खोईखोईंकडून आलेला, बहुधा मेंढीसकट.