तुमचा शार्क वेगळा, माझा वेगळा

‘जॉज थ्री-डी’ या शार्कवरच्या सिनेमाचं नाव निघालं की कुणीतरी हमखास लाल-निळ्या काचांच्या चष्म्याची आठवण काढतं. १९८३ साली अमेरिकेत हा सिनेमा लागला तेव्हा थिएटरात मिळालेल्या चष्म्याच्या काचा मात्र करड्या होत्या. त्यांचं काम रंगांवर नाही, ध्रुवीकरणावर चालतं, म्हणजे प्रकाशाच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात यावर. घरात पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लॅपटॉपसमोर धरून सावकाश फिरवा. एका कोनात पडदा काळाकुट्ट होतो. दोन चित्रांचा प्रकाश आणि चष्म्याच्या दोन काचा अशाच एकमेकींशी काटकोनात ठेवल्या, की डाव्या डोळ्याचं चित्र डाव्यालाच आणि उजव्याचं उजव्यालाच पोचतं. ही दोन्ही चित्रं फिल्मच्या एकाच चौकटीत वर-खाली छापलेली होती.

पण शार्क पडद्याबाहेर येतो कसा? १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टोनने दाखवून दिलं की दोन डोळ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून मेंदू खोली ठरवतो. आपल्या डोळ्यांत साधारण ६.५ सेंमी अंतर असतं. समजा, तुम्ही पडद्यापासून १० मीटरवर बसलात आणि डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याच्या चित्रापेक्षा ६.५ सेंमी उजवीकडे पडलं. आता प्रत्येक डोळ्यापासून त्याच्या चित्राकडे रेघ ओढा. दोन्ही रेघा बरोबर मध्यावर, ५ मीटरवर, एकमेकींना छेदतात. शार्क तिथे दिसतो. दोन चित्रांतलं हे अंतर १३ सेंमी केलं तर तो ३.३ मीटरवर येतो. चित्रं उलट बाजूला ६.५ सेंमी सरकवली तर रेघा समांतर होतात आणि वस्तू क्षितिजापार जाते. त्याहून जास्त सरकवली तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, आणि डोकं दुखायला लागतं.

याच हिशेबाने २० मीटरवर बसलेल्याला तोच ६.५ सेंमीवाला शार्क पडद्यापासून १० मीटर पुढे आलेला दिसतो. एकाच थिएटरात जितक्या रांगा तितके शार्क! मला या गणिताचं अजून नवल वाटतं.

यात एक अडचण आहे. बाहेर आलेली वस्तू पडद्याच्या कडेने कापली गेली, की मेंदूला ती कडेच्या मागे आहे असं वाटतं आणि सगळा परिणाम विरतो. म्हणूनच सिनेमात मोकळ्या पाण्यात तरंगत येणारा तुटलेला हात अंगावर येतो, पण चौकट भरून टाकणारा शार्क येत नाही.

सिनेमातली पिल्लासाठी चवताळलेली ३५ फुटी शार्क आई ही तर निव्वळ कल्पना. खरा ग्रेट व्हाइट शार्क फार तर ६ मीटरचा, आणि जन्मानंतर पिल्लांकडे आई बघतही नाही. कोकणातल्या बाजारात मिळणारी मोरीसुद्धा शार्कच. सूड घेणारा मासा समुद्रात नाही, आणि त्या भीतीपोटी शार्क मारणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या चष्म्यातलं ध्रुवीकरण सरळ रेषेतलं होतं. आजच्या बऱ्याच थिएटरांत ते वर्तुळाकार असतं, म्हणजे कंपनाची दिशा सतत फिरत राहते, त्यामुळे मान कलली तरी चित्र टिकतं. तेव्हा मात्र शेजाऱ्याशी बोलायला मान तिरकी केली, की जबड्याशेजारी दुसरा पुसट जबडा उमटायचा.