स्कॉचच्या लेबलावरची भांडणं

भाचा दुबईहून सुट्टीला आला तो थेट सांगलीला, विश्रामबागेत आमच्याकडं. जेवणं झाल्यावर त्यानं पिशवीतून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. "मामा, ड्यूटी फ्रीमधनं आणलीय. पण खरं सांगू? नाव ऐकून घेतली. वर काय काय लिहिलंय त्यातलं मला काही कळत नाही." मी चष्मा लावला. 'द ग्लेनलिव्हेट', सिंगल माल्ट, बारा वर्षं, चाळीस टक्के.

"सिंगल म्हणजे एकाच पिंपातली का?" नाही. "बारा वर्षं कुठनं मोजायची?" सांगतो. "आणि नावाआधी 'द' कशाला?" हा प्रश्न मात्र झकास होता.

स्कॉच निवडायला शिकायचं तर मध, व्हॅनिला, सफरचंद असल्या चवींच्या याद्या पाठ करण्याआधी लेबल वाचायला शिकावं, असं माझं मत आहे. त्यावरचा जवळपास प्रत्येक शब्द कुठल्या तरी कर-खात्यानं, कोर्टानं नाहीतर पार्लमेंटानं भांडून ठरवलेला आहे. मुळात स्कॉटलंडमधल्या या दारूचा पहिला लेखी उल्लेखच सरकारी जमाखर्चात सापडतो. १४९४ सालच्या हिशेबवहीत नोंद आहे, की जॉन कॉर नावाच्या मठवासीयाला 'अ‍ॅक्वा व्हिटे' करण्यासाठी आठ बोल माल्ट दिलं. बोल हे तिकडचं धान्याचं जुनं माप. अ‍ॅक्वा व्हिटे म्हणजे जीवनजल. त्याचंच गेलिक भाषेतलं रूप 'उश्के बाहा', आणि त्याचा अपभ्रंश होत होत व्हिस्की.

माल्ट म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना निराळं सांगायला नको. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची, की झालं बाळाचं सत्त्व. तिकडं नाचणीऐवजी बार्ली. मोड फुटताना धान्यातल्या पिठुळाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात. मोड फार वाढायच्या आत दाणे भट्टीवर वाळवतात, मग भरडून गरम पाण्यात साखर उतरवतात. त्यात यीस्ट घातलं की दोन-तीन दिवसांत बिअरसारखा आंबट काढा होतो, साधारण आठ टक्क्यांचा. तो तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळला की सत्तर टक्क्यांच्या आसपासचं पाण्यासारखं पारदर्शक मद्य हाती येतं. त्याला अजून व्हिस्की म्हणायचं नाही.

करांची कथा १६४४ पासून सुरू होते. स्कॉटिश पार्लमेंटनं त्या साली दारूवर पहिल्यांदा कर बसवला. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झालं आणि पुढं माल्टवरही कर आला. १७२५ मध्ये त्यावरून ग्लासगोत दंगल उसळली. डोंगरातल्या लोकांनी मग सोपा मार्ग धरला. भट्ट्या दऱ्याखोऱ्यांत नेल्या, रात्री गाळायला लागले आणि माल तट्टांच्या पाठीवरून, घाटवाटांनी शहरात. सह्याद्रीच्या ओहोळांत हातभट्ट्या का लागायच्या, हे ज्याला माहीत आहे त्याला हायलँड्सचा हा शंभर वर्षांचा काळ चटकन समजेल. झाडी, वाहतं थंड पाणी आणि फौजदाराला चढायला अवघड अशी वाट. ग्लेन म्हणजे खोरं, आणि लिव्हेट नदीचं खोरं या चोरट्या मालासाठी इतकं नावाजलं होतं, की १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा त्यानं तिथलीच बेकायदा दारू मागितली, असं सांगतात.

इथं साताऱ्याचा एक धागा येतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर प्रतापसिंह महाराजांच्या साताऱ्याचा कारभार ज्याच्या देखरेखीखाली आला, तो जेम्स ग्रँट डफ. मराठ्यांच्या इतिहासाचा ग्रंथकार म्हणून आपण त्याला ओळखतो. तो जन्मानं बॅन्फ गावचा. ग्लेनलिव्हेट त्याच बॅन्फशायरमध्ये मोडतं. तब्येत ढासळून तो मायदेशी परतला, त्याच सुमारास, १८२३ मध्ये, पार्लमेंटनं नवा अबकारी कायदा केला. गॅलनमागचा कर निम्म्याहून खाली आणला आणि दहा पौंडांत परवाना ठेवला. महाबळेश्वर वसवणारा गव्हर्नर जॉन माल्कमही स्कॉटच. तिथल्या पेठेला त्याचंच नाव लागलं. या मंडळींनी इकडं व्हिस्की रुजवली असं मात्र समजू नका. त्या काळी हिंदुस्थानातल्या साहेबांचं पेय होतं ब्रँडी-पाणी. ब्रँडीचं पुढं काय झालं ते येईलच.

तर ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात जॉर्ज स्मिथ नावाच्या खंडकरी शेतकऱ्यानं १८२४ मध्ये पहिला परवाना काढला. शेजारचे चोरटे भट्टीवाले एवढे खवळले, की त्याची भट्टी जाळायची धमकी दिली. अबरलोरच्या जमीनदारानं दिलेली पिस्तुलांची जोडी तो कमरेला बांधून हिंडायचा. पुढं त्याचा माल नावारूपाला आला, तसे आसपासचे सगळे आपापल्या बाटलीवर ग्लेनलिव्हेट लिहू लागले. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८४ मध्ये निकाली निघालं. 'द ग्लेनलिव्हेट' फक्त स्मिथच्या घराण्यानं लिहायचं, बाकीच्यांनी आपल्या नावाला जोडून. भाच्याच्या बाटलीवरचा 'द' हा असा कमावलेला आहे.

दुसरं भांडण भट्टीचं. १८३० मध्ये एनियस कॉफी नावाच्या माणसानं उंच खांबासारख्या भट्टीचं पेटंट घेतलं. जुनी तांब्याची भट्टी दर खेपेला भरायची, तापवायची, रिकामी करायची. कॉफीची भट्टी रात्रंदिवस चालू. मका-गहू घाला, सौम्य आणि स्वस्त दारू धो धो बाहेर. ती ग्रेन व्हिस्की. एडिनबरोच्या अँड्र्यू अशरनं मिश्रणाचा धंदा आधीच मांडला होता. १८६० च्या कायद्यानं कर भरण्याआधी, गोदामातच माल्ट आणि ग्रेन मिसळायला मुभा मिळाली आणि ब्लेंडेड स्कॉच जन्माला आली. आपल्याकडं 'ब्लेंडेड म्हणजे भेसळ' असं छातीठोक सांगणारा एक तरी जण प्रत्येक बैठकीत असतो. त्याला सांगा, की वीस-तीस भट्ट्यांचा माल दर वर्षी निराळा उतरत असताना बाटलीची चव तीच राखणं हे मसाल्याच्या उत्तम कांडपवाल्याइतकंच कसबी काम आहे.

पण ब्लेंडला जग मोकळं करून दिलं ते एका किडीनं, आणि ही गोष्ट तासगावच्या बागायतदारांनी ऐकावी. अमेरिकेतून आलेली फायलोक्झेरा नावाची मुळांचा रस शोषणारी बारीक कीड १८६० च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत शिरली. पुढच्या दोन-तीन दशकांत मळेच्या मळे वाळले. कोन्याक ही द्राक्षाची ब्रँडी, तीच दुर्मिळ झाली. साहेबाच्या ग्लासातली जागा रिकामी पडली आणि तिथं स्कॉच-सोडा येऊन बसला. फ्रान्सच्या बागा वाचल्या त्या अमेरिकन खुंटावर कलमं करून. आज तासगाव-मिरजेकडं डॉगरिजच्या खुंटावर द्राक्ष चढवतात, तो डॉगरिजही अमेरिकन वंशाचाच. आपल्याकडं खुंट लागतो तो पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी, एवढाच फरक.

पैसा आला की फुगा येतो. एडिनबरोच्या लीथ बंदरातल्या पॅटिसन या व्हिस्की-व्यापारी बंधूंनी जाहिरातीसाठी 'पॅटिसनची व्हिस्की घ्या' बोलणारे पाचशे पोपट दुकानदारांना वाटले म्हणतात. १८९८ मध्ये त्यांचं दिवाळं वाजलं, भाऊ पुढं तुरुंगात गेले आणि बऱ्याच भट्ट्या त्यांच्याबरोबर बुडाल्या. त्याच सुमारास माल्टवाले ग्रेनवाल्यांकडं बोट दाखवायला लागले होते, की हिला व्हिस्की म्हणायचंच कसं? १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात दारूविक्रेत्यांवर त्यावरून खटलाही भरला. शेवटी रॉयल कमिशन नेमलं आणि १९०९ मध्ये त्यानं दोन्हींना व्हिस्की ठरवलं.

वयाचं भांडण सगळ्यात गमतीचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश मंत्री लॉईड जॉर्जला दारूच बंद करायची होती, कारखान्यांतले कामगार पिऊन येतात म्हणून. बंदी जमली नाही, तडजोड झाली. १९१५ च्या कायद्यानं किमान दोन वर्षं गोदामात ठेवल्याशिवाय विकायची नाही, असं ठरलं. लगेच पुढच्या वर्षी त्याची तीन झाली. दारूच्या शत्रूनं दारूवर केलेला हा सगळ्यात मोठा उपकार. कारण स्कॉचचा रंग आणि चवीचा मोठा हिस्सा ओकच्या लाकडातूनच येतो. दर वर्षी पिंपातलं सुमारे दोन टक्के उडून जातं. त्याला तिकडं देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या उन्हात देवदूत कितीतरी पटींनी अधिक पितात. म्हणून भारतीय सिंगल माल्टवर मोठे आकडे सहसा दिसत नाहीत, आणि त्यावरून ती हलकी ठरवू नये.

लेबलावरचं वय म्हणजे आतल्या सगळ्यात तरुण थेंबाचं वय, तेही पिंपातलं. काचेत व्हिस्की म्हातारी होत नाही. आमच्या थोरल्या काकांनी बारा वर्षांची एक बाटली शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीशेजारी, वीस वर्षं जपली. आल्यागेल्याला दाखवून म्हणायचे, "आता बत्तिसाची झाली." उघडली तेव्हा बूच चुरून अर्धं आत पडलं. शेवटी चहाच्या गाळणीनं गाळून प्यायलो.

पिंपाची निवडही नियमांवर चालते. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीला कोरंच, आतून जाळलेलं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्वस्तात स्कॉटलंडला जातात. त्यातून व्हॅनिला, मध, नारळ अशी चव येते. शेरी ही स्पेनची वाइन; तिच्या पिंपातली स्कॉच ओळखायला सांगलीकराला अडचण नको. तासगावच्या सौद्यात बेदाण्याचं खोकं उघडल्यावर येणारा वास, अधिक थोडी सुंठ. पूर्वी शेरी पिंपांतूनच इंग्लंडला यायची आणि रिकामी पिंपं पडून असायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणं आलं आणि ही पिंपं महागली. शेरी पिंपाच्या बाटलीला जास्त पैसे का पडतात, त्याचं हे एक कारण.

धुराची चव पीटमुळे. दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेलं शेवाळ-गवत कापून, वाळवून त्यावर बार्ली सुकवतात. आयला बेटावरच्या आर्डबेग, लाफ्रॉयग, लागाव्हुलिन या अशा. होळीच्या दुसऱ्या दिवशी शर्टाला येणारा वास आणि दवाखान्यातल्या आयोडीनचा वास एकत्र. पहिली बाटली म्हणून ही घेऊ नये. अनेक जण इथूनच जी पाठ फिरवतात ती कायमची. लोलँड, हायलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाऊन हे बाकीचे चार प्रदेश कायद्यात आहेत, पण हल्ली प्रदेशावरून चवीचा भरवसा देता येत नाही. पिंप काय आणि पीट आहे का, एवढं विचारलेलं बरं.

सिंगल माल्ट स्वतंत्रपणे परदेशात विकायची हिंमत ग्लेनफिडिकनं १९६३ मध्ये केली. तोवर जग ब्लेंडच पीत होतं. आजचे सगळे शब्द २००९ च्या नियमांनी पक्के केले. किमान तीन वर्षं, सातशे लिटरपर्यंतचं ओकचं पिंप, स्कॉटलंडमध्येच, निदान चाळीस टक्के. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची, म्हणजे एकाच कारखान्याची, मग पिंपं शेकडो असोत. २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. ब्लेंड मात्र टाक्यांतून भारतात येऊन इथं भरता येते. दुकानात काही स्कॉच बऱ्याच स्वस्त दिसतात त्या याच. भरायची जागा बदलली म्हणून ती बनावट होत नाही.

आणि आपल्या इकडची व्हिस्की? इस्लामपूर-कराड रस्त्यानं हंगामात गेलात तर मळीचे टँकर भेटतात आणि कारखान्याच्या आसवनीचा तो आंबूस गोड वास गाडीच्या काचा लावल्या तरी आत येतो. मळीपासून काढलेलं शुद्ध मद्यार्क, त्यात थोडं माल्ट, थोडा रंग, स्वाद, म्हणजे आपली नेहमीची देशी बनावटीची विदेशी. स्कॉटलंडच्या हिशेबानं धान्याची नसेल तर ती व्हिस्कीच नव्हे. आपल्या हिशेबानं ती उसाच्या बिलाचा एक भाग आहे. तरीही २०२२ मध्ये बाटल्यांच्या संख्येत जगात सगळ्यात जास्त स्कॉच भारतात आली, २१.९ कोटी बाटल्या. तेही दीडशे टक्के आयातशुल्क असताना. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात हे शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. महाराष्ट्रानं आयात स्कॉचवरचा आपला कर २०२१ मध्येच तीनशेवरून दीडशे टक्के केला होता.

हा मुलूख पिणाऱ्यांइतकाच दारू बंद करणाऱ्यांचाही आहे. प्रतिसरकारनं गावोगाव दारूबंदीचा आग्रह धरला. आजही बायका मतदानानं दुकान बंद पाडतात, उभी बाटली की आडवी बाटली विचारून. सांगली संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. तो पुढं सैल झाला, रद्द झाला नाही. म्हणून तर बारच्या पाटीवर परमिट रूम लिहिलेलं असतं, आणि कायद्यानं अजूनही पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो.

एवढं सगळं ऐकून भाच्यानं बूच काढायला हात घातला. मी निमुळत्या तोंडाचे दोन ग्लास पुसून ठेवले होते, शेजारी वाटीत साधं पाणी आणि चमचा. आधी नुसता वास घ्यायचा, तोंड किंचित उघडं ठेवून. मग एक घोट तसाच, मग चमचाभर पाणी. बर्फ पहिल्या ग्लासात नको, थंडीनं वास दबतो. सोडा घालायचा तर खुशाल घाल, ब्लेंड त्यावरच मोठी झाली.

तेवढ्यात माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, ह्याला पंचवीस कधी पूर्ण होतात ठाऊक आहे ना? फेब्रुवारीत."

दुबईत चालतं एकविसाव्या वर्षी. महाराष्ट्रात कडक दारूला पंचवीस. भाच्यानं माझ्याकडं बघितलं, मी बाटलीकडं. ग्लास परत कपाटात गेले, बाटली त्यांच्यामागं, उभी. फेब्रुवारीत उघडू तेव्हाही ती बारा वर्षांचीच असेल.