रिकाम्या सीटा काढायच्या आधी एवढं वाचून घ्या

आपल्याकडं गिटहब कोपायलटचं काम दिलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी

महिन्याची २५ तारीख उलटली की आमच्याकडं एकच फोन सुरू होतो. "भाऊ, बिल बघा किती आलंय, अर्धी पोरं तर ते वापरतच नाहीत, काढून टाका की." फोन संभाजीनगरचा असो, जालन्याचा असो नाहीतर लातूर-नांदेडचा, वाक्य तेच. आणि आठ दिवसांनी त्याच ऑफिसातून दुसरा फोन, "भाऊ, ते अमुक पोरगं म्हणतंय त्याला कोडच दिसंना झालाय, सर्व्हर पडलाय का?" सर्व्हर काही पडलेला नसतो. पहिल्या फोनचं काम दहा मिनिटांचं आहे, दुसऱ्याचं अर्ध्या दिवसाचं, आणि तो दुसरा फोन येऊच नये म्हणून हा कागद लिहिलाय.

गिटहब म्हणजे कोड ठेवायची जागा, कोपायलट म्हणजे तिथलं कोड लिहायला मदत करणारं एआय, आणि सीट म्हणजे एका माणसाला ते वापरायचा परवाना, याहून जास्त सांगत बसत नाही, तुम्ही पैसे भरताय म्हणजे तेवढं माहीतच आहे. पैशाचं मात्र एकदा बघू. बिझनेस प्लॅनला एका माणसामागं महिन्याला १९ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर एक सीट वर्षाला साधारण २०,५०० ला पडते. आठ जण खरोखर वापरतात आणि दोघं नुसते यादीत आहेत असं असेल तर त्या दोघांपायी वर्षाला ४१,००० गेले. जीएसटी वेगळा, तो रिव्हर्स चार्जमध्ये कसा दाखवायचा ते तुमच्या सीएला विचारा, आम्ही त्यात पडत नाही.

आणखी एक गोष्ट जी बिलावर दिसत नाही. आठ सीटांचे महिन्याला १३,७०० च्या आसपास होतात, दहांचे १७,१००, आणि या दोन्हीच्या मधे रिझर्व्ह बँकेची १५,००० ची रेघ आहे. कार्डवरून आपोआप कटणारी रक्कम तेवढ्यापर्यंत असली तर निमूट कटते, त्याच्या वर गेली की दर महिन्याला ओटीपी लागतो. ओटीपी येतो मालकाच्या मोबाईलवर, मालक असतो शेतात नाहीतर कुणाच्या लग्नात, आणि पेमेंट अडकलं की जे आठ जण इमानदारीनं वापरायलेत त्यांचंही काम अडकायची वेळ येते. म्हणजे रिकाम्या सीटा काढायलाच पाहिजेत, याबद्दल आमचं तुमचं दुमत नाही. काढायच्या कशा आणि कधी, एवढंच भांडण आहे.

कधी, ते आधी. सीट आज काढली म्हणून आजपासूनचे पैसे वाचत नाहीत. चालू बिलाची सायकल संपेपर्यंत ती सीट तशीच चालते, पैसे पूर्ण लागतात आणि माणसालाही तोपर्यंत वापरता येतं. नवी सीट मधेच दिली तर मात्र उरलेल्या दिवसांचेच लागतात. त्यामुळं सायकल सुरू होऊन दोन दिवस झाल्यावर "आत्ताच्या आत्ता काढा" म्हणून रात्री साडेनऊला व्हॉट्सॅप करण्यात काही हशील नाही, आणि संपायच्या चार दिवस आधी सांगितलं तर पुढचा अख्खा महिना वाचतो. आपली सायकल कोणत्या तारखेला संपते ते एकदा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ते माहीत नाही.

आता रिपोर्ट, म्हणजे कुणी शेवटचं कधी वापरलं ते दाखवणारी गिटहबची यादी. त्यात शेवटच्या वापराची तारीख असलेला एक रकाना असतो, तो रिकामा दिसला की लोक लाल पेन काढतात. थांबा जरा. ती तारीख एडिटरनं, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरनं, पाठवलेल्या टेलिमेट्रीवरून, म्हणजे वापराच्या माहितीवरून, भरली जाते. पोरानं व्हीएस कोड नावाच्या एडिटरात टेलिमेट्री बंद करून ठेवली असेल, आणि बरेच जण ठेवतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की त्यानं लॅपटॉप पळतो, तर तो दिवसभर कोपायलटवर बसला तरी तुमच्या रिपोर्टात रिकामाच दिसणार. शिवाय ही तारीख ९० दिवसच टिकते, त्याहून जुनी असली की रकाना कोरा. म्हणजे ज्यानं कधी हातच लावला नाही तो, ज्यानं चार महिन्यांपूर्वी सोडून दिलं तो, आणि जो आत्ता या क्षणाला वापरायलाय तो, तिघंही त्या कागदावर एकसारखे. आता शेवटच्या लॉगिनचा वेगळा रकाना पण येतो, तो शेजारी ठेवून बघा, आणि तरीही शंका राहिली तर सरळ त्या माणसाला विचारा, तो तुमच्याच ऑफिसात पलीकडच्या टेबलावर बसलाय.

आता ती मेन चूक. होतं असं की तुम्ही यादी उघडता, ज्याला काढायचं त्याच्या नावापुढं जाता आणि सीट काढायला बघता, तर ती निघत नाही. का निघत नाही, तर त्याला सीट त्याच्या नावानं दिलेलीच नसते, टीमवरून दिलेली असते, 'डेव्हलपर' नावाची एक टीम, तिला कोपायलट लावलं की टीममधल्या सगळ्यांना एका फटक्यात सीट. देताना लै सोपं. काढताना मात्र माणूस त्या टीममधून बाहेर काढल्याशिवाय सीट सुटत नाही, आणि तो अशा दोन टीममध्ये असला तर दोन्हीतून काढावा लागतो. हे माहीत नसलं की माणूस चिडतो, दोन-तीनदा क्लिक करून बघतो, आणि मग दुसऱ्या पानावर एक लाल बटण दिसतं त्याच्यावर जातो, ऑर्गनायझेशनमधून, म्हणजे गिटहबवरच्या कंपनीच्या खात्यातूनच, काढा. दाबलं, नाव गेलं, सीट गेली, समाधान झालं. पण तिथं सीटबरोबर माणूसच गेला ना. रेपोवरचे, म्हणजे कोडच्या फोल्डरांवरचे, त्याचे हक्क गेले, टीमा गेल्या, तुमच्या प्रायव्हेट रेपोचे त्यानं केलेले फोर्क, म्हणजे स्वतःपुरत्या प्रती, गेल्या.

मागं एका गिऱ्हाइकाकडं हेच झालं. साखर कारखान्यांना वजनकाट्याचं आणि ऊसबिलाचं सॉफ्टवेअर करून देतात ते. त्यांचा एक जण गळीत हंगाम संपल्यावर उन्हाळाभर कारखान्यावर ट्रेनिंग द्यायला फिरत होता, कोड लिहायचा संबंधच नव्हता, त्यामुळं रिपोर्टात कोरा. अकाउंटवाल्यांनी त्याला ऑर्गनायझेशनमधून काढला. तो परत आला, लॉगिन केलं, काहीच दिसंना. आता खरं तर तीन महिन्यांच्या आत माणसाला परत बोलावलं तर त्याचे जुने हक्क, टीमा, फोर्क सगळं जसंच्या तसं परत देता येतं, बोलावतानाच तसा पर्याय विचारतात. पण यांनी आम्हाला फोन करायच्या आधी स्वतःच बोलावलं आणि दोन पर्यायांतला नव्यानं सुरुवात करायचा निवडला. झालं, जुनं सगळं पुसलं. त्याच्या फोर्कमध्ये उतारा-वसुलीच्या हिशोबाचं काम पडलेलं होतं, नशीब लॅपटॉपवर कॉपी होती. कोणत्या रेपोवर त्याला काय हक्क होते हे चार जणांना विचारून आठवून आठवून भरण्यात आमचा एक माणूस सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेला, आणि हे सगळं वाचवायला निघालो होतो ते किती, तर १९ डॉलर.

म्हणून आम्ही आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं एक वेगळी टीम करून ठेवतो, नाव साधं, 'कोपायलट-सीट'. तिच्यावर एकही रेपो नाही, कसलेच हक्क नाहीत, फक्त सीट. सीट द्यायची तर माणूस त्या टीममध्ये टाकायचा, काढायची तर काढायचा, बाकी कशाला धक्का नाही. डेव्हलपर टीमवर कोपायलट लावायचंच नाही. आधीच लावलेलं असेल तर तुम्ही स्वतः डेव्हलपर टीममधून माणसं काढत बसू नका, त्यानंही रेपो जातात, आम्हाला सांगा, आम्ही आधी नवी टीम भरतो आणि मग जुनीवरचं काढतो, त्याच क्रमानं.

काही जण म्हणतात सीटा काढायला तुम्ही तीन दिवस का घेता, स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लावली तर ३० दिवस न वापरणारा आपोआप निघेल. निघेल ना. स्क्रिप्ट आमच्याकडं पण आहे, ती यादी काढते, माणूस काढत नाही. कारण स्क्रिप्टला हे कळत नाही की जालन्यातल्या बियाण्याच्या कंपनीचं काम करणारी पोरं जूनच्या आधी मान वर करत नाहीत आणि नंतर दोन महिने नुसता सपोर्ट बघतात, किंवा एखादी ताई बाळंतपणाच्या रजेवर आहे, किंवा कुणाची टेलिमेट्री बंद आहे. आम्ही यादी तुम्हाला पाठवतो, तुम्ही नावापुढं हो-नाही लिहून द्यायचं, तोंडी नको, मग आम्ही काढतो. हंगामी लोकांची सीट बिनधास्त काढा, परत द्यायला दोन मिनिटं लागतात आणि उरलेल्या दिवसांचेच पैसे पडतात, फक्त त्याला आधी सांगून काढा. न सांगता काढली की पोरगं गप बसत नाही, घरच्या मेलवर फुकटचा प्लॅन घेतं आणि कंपनीचा कोड तिथं उघडतं. बिझनेस प्लॅनमधला तुमचा कोड मॉडेल शिकवायला वापरत नाहीत, तुम्ही पैसे भरताय त्यातला हा पण भाग आहे, मग १९ डॉलर वाचवायला ते कशाला घालवायचं.

नोकरी सोडून जाणाऱ्याचं सगळं उलटं. आपल्याकडचं पोरगं दोन वर्षं शिकतं आणि हिंजवडीला जातं, त्याला इलाज नाही, पण तो गेल्यावर ऑफिसात फक्त त्याचा मेल बंद करतात आणि समजतात की सुटलं. गिटहबचं अकाउंट बहुतेकांचं स्वतःचं असतं, कॉलेजपासूनचं, मेल बंद केल्यानं त्याला काहीच होत नाही. सीटचं बिल चालू, रेपो उघडे, आणि माणूस पुण्यात. त्याला मात्र शेवटच्या दिवशीच ऑर्गनायझेशनमधून काढा, ते लाल बटण खरं याच्यासाठी आहे. त्याच्या हातानं सर्व्हरसाठी लावलेल्या डिप्लॉय की, म्हणजे सर्व्हरला रेपो उघडून देणाऱ्या चाव्या, असतील तर त्या माणूस गेल्यावरही चालूच राहतात, त्या वेगळ्या बदलाव्या लागतात, एचआरनं आम्हाला आठ दिवस आधी नाव कळवलं तर ते पण आम्ही बघून घेतो.

एएमसीवाल्यांना, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार असलेल्यांना, महिन्याची यादी, टीमची मांडणी आणि सोडून जाणाऱ्यांचं काम त्यातच धरलेलं आहे, वेगळं काही लागत नाही. एएमसी नसेल तर एकदाची मांडणी अर्ध्या दिवसाच्या चार्जमध्ये होते, आणि चुकून काढलेला माणूस परत बसवायचाही चार्ज अर्ध्या दिवसाचाच आहे, तेव्हा काय आधी करायचं ते तुम्हीच ठरवा. कर्सर किंवा असलंच दुसरं एआय वापरत असाल तर त्यांचे सीटचे नियम वेगळे आहेत, हा कागद तिथं लावू नका, आम्हाला विचारा.

यादी पाठवताना फक्त एक करा, रिपोर्टची सीएसव्ही फाईलच पाठवा. मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढून पाठवला की त्यात नावं अर्धी कापलेली असतात आणि तारखेचा रकाना तर दिसतच नाही.