बाराशे ग्रॅमच्या बाळाला तासाला चार मिली: हा हिशोब आला कुठून?

शहापूर-मुरबाडकडून ठाण्याच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, १२०० ग्रॅमचं बाळ येतं. पहिल्या दिवशी शिरेतून किलोमागे ८० मिली सलाइन, म्हणजे दिवसाचे ९६, तासाला ४ मिली. चहाचा चमचाही भरत नाही. सिरिंज पंप मोकळा नसला की सिस्टर मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांचा सेट, लावून घड्याळावर थेंब मोजतात. या सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब: चार. म्हणायला सलाइन, पण बाटलीत १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी; सोडियम (मीठ) नाही. बाहेर आजी विचारते, "एवढ्याशानं काय होणार, सिस्टर?"

१९५०च्या आसपास एवढंही मिळालं नसतं. तेव्हा युरोप-अमेरिकेत कमी दिवसांच्या बाळांना पहिले एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, सरळ उपाशी ठेवत. दूध श्वासनलिकेत जाईल ही धास्ती, शिवाय अंगावर सूज दिसते म्हणजे पाणी जास्तच आहे हा समज. धास्ती अगदीच खोटी नव्हती, पण तिच्यापायी रक्तातली साखर उतरायची, सोडियम चढायचं, कावीळ वाढायची. १९५७ साली हॉलिडे आणि सीगर यांनी वजनावरून सलाइन ठरवण्याचं सूत्र दिलं. मुलांच्या वॉर्डात ते आजही तोंडपाठ असतं, पण जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांना ते लागू पडत नाही. साधारण त्याच सुमारास माँट्रियलमध्ये रॉबर्ट अशर यांनी, श्वास लागलेल्या अकाली बाळांना पहिल्या दिवसापासून शिरेतून ग्लुकोज आणि सोडाबायकार्ब द्यायला सुरुवात केली. उपासाचे दिवस सरत आले.

मग हात सैल सुटला. ऊब देणारा वॉर्मर आणि काविळीसाठीची प्रकाशाची फोटोथेरपी यांच्याखाली पातळ कातडीतून पाणी उडून जातं, ते भरून काढायला सलाइन वाढलं. त्याला चाप बसला १९८०च्या सुमारास. एडवर्ड बेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जास्त पाणी मिळालेल्या बाळांत हृदयाजवळची डक्टस (जन्मानंतर मिटायला हवी अशी रक्तवाहिनी) उघडी राहण्याचं आणि आतड्याला गंभीर इजा होण्याचं प्रमाण वाढतं.

मला यातली खरी कलाटणी वाटते ती वजनाकडे बघण्याची. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वजनात सुमारे ७५ टक्के पाणी असतं, अकाली बाळात ८० टक्क्यांच्याही वर. त्यातलं जादा पाणी पहिल्या आठवड्यात लघवीवाटे जायलाच हवं. सोडियम पाणी धरून ठेवतं, म्हणूनच सुरुवातीला ते रोखतात. दहा टक्के वजन उतरलं की घरचे हादरतात, डॉक्टर मात्र ते धरूनच चालतात. उतरलंच नाही तर काळजी. त्यासाठी रोज वजन, रक्तातलं सोडियम, आणि लंगोट कोरडा-ओला तोलणं: एक ग्रॅम वाढ म्हणजे एक मिली लघवी.

आपल्याकडे या हिशोबात दुधानं मोठी भर घातली. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. आता जमेल तिथे पहिल्याच दिवशी नळीवाटे आईचं दूध सुरू होतं. ते जितकं पचेल तितके मिली सलाइनमधून वजा होतात, आणि सुई लवकर निघते.