पांढरे जाणे आणि ट्रायकोमोनास : एक खुलासा

अंगावरून पांढरे गेले म्हणजे लैंगिक आजार, आणि त्रास नसेल तर संसर्गही नाही, हा गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत रुळलेला समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. उत्तर गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीत लैंगिक संसर्ग थोड्याच जणींत आढळले. पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध मानसिक ताणाशीही दिसला. उलट, लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या ट्रायकोमोनास या परजीवीची लागण झालेल्या बहुतेकांना, पुरुषांना तर विशेषच, लक्षणे नसतात. स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहिला नाही तर परजीवीची हालचाल थांबते आणि तो ओळखू येत नाही; या तपासणीतून साधारण एक तृतीयांश ते निम्मे रुग्ण निसटतात (मग ‘रिपोर्ट नॉर्मल’वर किती विसंबावे?), म्हणून स्रावात परजीवीची जनुके शोधणारी तपासणी अधिक भरवशाची. उपचार मेट्रोनिडाझोल या औषधाचा, आणि तो जोडीदारालाही हवा.